हळद, चुना आणि लिंबू

मुका मार लागला, की घरोघरी हळद-चुन्याचा लेप करतात. हळद पिवळी, चुना पांढरा; पण दोन्ही पाण्यात कालवले की लेप लाल होतो. त्यातला चिमूटभर लेप ताटलीत घ्या आणि वर भरपूर लिंबू पिळा. लाल गेला, पिवळा आला! असे का होते बरे?

हळदीचा रंग करक्युमिन नावाच्या द्रव्याचा. त्यात हायड्रोजनचा एक बारीकसा कण सुटण्याजोगा असतो. त्याला प्रोटॉन म्हणतात. जे प्रोटॉन देते ते आम्ल. जे घेते त्याला आम्लारी म्हणतात. 1923 साली डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लॉरी या दोघांनी, एकमेकांपासून दूर राहून, हीच गोष्ट मांडली.

चुना हा घेणारा. तो करक्युमिनचा प्रोटॉन ओढून घेतो आणि करक्युमिन लाल दिसू लागते. लिंबू हे देणारे. त्याने प्रोटॉन परत दिला, की लाल पुन्हा पिवळे.

इथे पुष्कळ जण गोंधळतात. हळद आणि चुना ही काही जोडी नव्हे. ते देवघेव करणारे दोघे. जोडी आहे ती पिवळ्या करक्युमिनची आणि लाल करक्युमिनची. जशी भरलेली पिशवी आणि तीच रिकामी पिशवी. फरक एका प्रोटॉनचा. पुस्तकात हिला ‘संयुग्मी जोडी’ म्हणतात. नाव तेवढे अवघड! पिवळे ते आम्ल, लाल ते त्याचे जोडीदार आम्लारी. कारण रिकामी पिशवी पुन्हा भरून घेता येते. चुन्याकडेही तसेच. त्यातला हायड्रॉक्साइड प्रोटॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. म्हणजे देवघेव एक, जोड्या दोन.

आणखी एक. आम्ल जितके जहाल, तितका त्याचा जोडीदार मवाळ. आपल्या जठरातले आम्ल चांगलेच जहाल असते. पण त्याचा जोडीदार क्लोराइड आपण मिठातून रोज खातो.

आता नीट ऐका. लिंबू चुन्याचा जोर मोडते, हे कळले म्हणून पोराच्या डोळ्यात चुना उडाला तर लिंबू पिळू नका. त्याने डोळ्याला आणखी इजा होते. तूप, दूधही घालू नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार लगेच सोडा, निदान 15 ते 30 मिनिटे. चुन्याचे कण पापणीखाली अडकून राहतात, म्हणून आग थांबली तरी धुऊन झाल्यावर लगेच डॉक्टरांकडे न्या.