संशोधन-अनुदान आणि पिकाचा हंगाम

विभागातील पीकप्रश्नावर संशोधन-अनुदान मागताना पुष्कळ अर्ज ‘उत्पादन वाढविणे’ एवढ्या हेतूवरच थांबतात. प्रश्न नेमका हवा. मध्यम जमिनीतील रब्बी ज्वारीस एकच संरक्षक पाणी देता येत असेल, तर ते केव्हा द्यावे? असा प्रश्न बांधावरच सापडतो. तो संशोधन केंद्राकडे पोचविणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे व शेतकरी बंधूंचे काम होय.

खरी अडचण पैशाच्या वेळेची असते. ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चात. आणि सरकारी आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. मळणी, वजने व मजुरीची बिले नेमकी त्याच सुमारास येतात. मी पाहिलेल्या एका प्रयोगात हप्ता पेरणीनंतर हाती आला. बियाणे उसनवार आणून पेरणी झाली, परंतु तुलनेचा वाफा राहून गेला. मग उत्पन्नाचे आकडे कशाशी ताडावयाचे? म्हणून अर्जातच खर्च महिनावार मांडावा व काढणीनंतरच्या कामाची तरतूद पुढील वर्षात दाखवावी.

केंद्रीय अनुदानास २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू आहेत. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुदानावर मिळालेले व्याजही परत करावयाचे असते. मजुरांची हजेरी व पिकाच्या नोंदी त्या त्या दिवशी शेतावरच लिहाव्यात.