शंभर सेन्सर आणि एकच नोंद: ब्लॉकचेनवरची गर्दी कशी कमी करायची?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात आईस्क्रीमचा माल आला. उघडून बघतो तर अर्धे डबे वितळून पुन्हा गोठलेले. गाडीवाला म्हणाला, "गाडीतलं कूलिंग व्यवस्थित होतं, तुमचाच फ्रीझर बंद पडला असणार." पुरावा दोघांकडेही नाही. नुकसान माझं.

त्यामुळे बॅचमधला एकजण म्हणाला, "सर, प्रत्येक खोक्याला तापमानाचा सेन्सर लावू आणि सगळं ब्लॉकचेनवर टाकू," तेव्हा कल्पना आवडली. तिथली नोंद कोणा एकाला मागाहून गुपचूप बदलता येत नाही. पण आधी हिशेब करू.

100 सेन्सर, दर 10 सेकंदांनी एक रीडिंग. म्हणजे सेकंदाला 10 नोंदी, दिवसाला 8,64,000. आणि बिटकॉइनचं जाळं अख्ख्या जगाचे मिळून सेकंदाला साधारण 7 व्यवहार घेतं! इतके कमी का? कारण तिथे हजारो कॉम्प्युटर प्रत्येक नोंद तपासतात आणि स्वतःकडे ठेवतात. वर फी वेगळी. आईस्क्रीमपेक्षा त्याचं तापमान महाग पडायचं.

आता आपल्या रोजमेळाचा विचार करा. प्रत्येक बिस्किटपुडा खातेवहीत चढवतो का आपण? दिवसाची एकूण विक्री चढवतो, बिलं फाइलला राहतात. इथेही तसंच. गाडीतलं एक छोटं यंत्र तासाभराची 36,000 रीडिंग जमवतं, त्यांचा मिळून एक हॅश, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखा छोटा कोड काढतं, आणि फक्त तोच चेनवर जातो. दिवसाला 24 नोंदी, संपलं. मूळ रीडिंग साध्या सर्व्हरवर. त्यातला एक आकडा बदलला तरी ठसा जुळत नाही. ठसे जोडी-जोडीने काढत नेले, तर 36,000 पैकी एक रीडिंग खरं ठरवायला फक्त 16 ठसे पुरतात. याला मर्कल ट्री म्हणतात.

दुसरा मार्ग म्हणजे मुख्य चेनला जोडलेली, स्वस्त आणि वेगवान चेन. पॉलिगॉन हे त्यातलं आपल्याकडचं नाव. 2017 मध्ये ते मॅटिक म्हणून सुरू झालं. 2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या 65,000 जातप्रमाणपत्रांसाठी तेच वापरायचं ठरलं. तिथे सेन्सर नाहीत, पण अडचण तीच: नोंदी भरपूर, फी परवडली पाहिजे.

माझं स्पष्ट मत सांगू? सेन्सर तुमचे, गाडी तुमची, दुकानही तुमचंच असेल, तर ब्लॉकचेनवर एक रुपया घालू नका, साधा डेटाबेस बास. कंपनी, वाहतूकदार, दुकानदार असे एकमेकांवर विश्वास नसलेले तिघं असतील तरच याचा उपयोग. आणि हो, गाडीवाल्याने सेन्सर काढून थंड हवेच्या झोतासमोर ठेवला, तर ब्लॉकचेन ते खोटं तापमानही तितक्याच इमानदारीने जपून ठेवेल. म्हणून सेन्सर खोक्याच्या आत, सीलबंद. ते कसं करायचं, पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष दाखवतो.