गव्हातील पिष्टपाचक विकर आणि बिघडलेला पाव

पाव चांगला फुगला, वरून तांबूस झाला, तर आपण भट्टीवाल्याच्या हाताची तारीफ करितो. आतून गिच्च राहिला तर त्याच हाताला नावे ठेवितो. परंतु पावाचे बरेवाईट पुष्कळदा पिठाला हात लागण्यापूर्वीच, शेतात उभ्या असलेल्या गव्हाच्या दाण्यात ठरून गेलेले असते. ते कसे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या टोकाच्या एका भट्टीत पाव एकाएकी बिघडू लागले. साल काळपट, आतला भाग चिकट, सुरी घातली तर सुरीलाच चिकटून येई. गिऱ्हाइके तुटू लागली. मालकाने कणीक मळणाऱ्या पोराला दोषी ठरविले आणि कामावरून काढले. पोरगा माझा जुना विद्यार्थी. तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "सर, मी रोजच्यासारखंच मळलं होतं." त्याचे म्हणणे खरे होते की खोटे, हे आपण पुढे पाहू. त्याआधी थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे.

कुरडया करण्यासाठी गृहिणी गहू तीन दिवस भिजवितात, वाटतात आणि गाळतात. तळाशी जो पांढरा चीक बसतो तो मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च होय. शंभर भाग मैद्यात सुमारे सत्तर भाग पिष्टच असते. हा चीक शिजविला की एकदम घट्ट व चकचकीत होतो, कारण साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात. पिष्ट म्हणजे ग्लुकोज साखरेच्या असंख्य मण्यांची लांब माळ. मणी गोड असले तरी माळ गोड लागत नाही आणि यीस्टलाही ती खाता येत नाही. माळ तोडणारा कोणी तरी लागतो.

हे तोडणारे द्रव्य म्हणजे विकर, इंग्रजीत ज्याला एन्झाइम म्हणतात ते. पोळीचा घास बराच वेळ चावला की तो गोडसर लागू लागतो, तो लाळेतील अशाच विकरामुळे. 1833 साली पायाँ आणि पेर्सो ह्या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूमधून असे द्रव्य वेगळे काढले आणि त्यास डायास्टेज हे नाव दिले. आज पिष्ट तोडणाऱ्या ह्या विकरांना अमायलेज म्हणतात. विकर हे प्रथिन असते. ते काम करिते, परंतु कामात खर्च होत नाही. म्हणूनच त्याचा अगदी थोडा अंशही मोठा परिणाम घडवितो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

गव्हात अशी दोन विकरे महत्त्वाची. बीटा-अमायलेज माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी तोडीत येते. ह्या जोडीला माल्टोज साखर म्हणतात. आल्फा-अमायलेज माळेला मध्येच कुठेही तोडते. एका माळेचे अनेक तुकडे झाले की टोकेही वाढतात आणि पहिल्याचे काम सोपे होते. निरोगी, कोरड्या गव्हात बीटा भरपूर असते, आल्फा मात्र फारच थोडे.

आता कणकेत काय घडते ते पाहा. पिठात स्वतःची साखर शेकडा एक-दोन भागच असते. यीस्ट ती लौकर संपविते. दळताना पिष्टाचे काही कण फुटतात. थंड कणकेत विकरांना मुख्यतः ह्या फुटलेल्या कणांतच शिरकाव मिळतो. तेथून माल्टोज तयार होते, यीस्ट ते खाऊन कर्बद्विप्राणिल वायू सोडते आणि ग्लुटेनच्या चिवट जाळीत तो वायू अडकून कणीक फुगते. उरलेल्या साखरेमुळे पावाची साल तांबूस व खमंग होते. विकर कमी पडले तर पाव बसका आणि फिका होतो.

मग विकर जितके जास्त तितके बरे काय? तसे नाही. कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला आणि पक्व ओंब्या भिजत राहिल्या, तर दाण्यास वाटते की पेरणीच झाली. त्यातील अंकुर जिबरेलिन नावाचे संप्रेरक सोडतो. त्याच्या निरोपावरून कोंड्यालगतचा पेशींचा थर आल्फा-अमायलेज बनवू लागतो, कारण कोवळ्या रोपाला साखर पुरवावयाची असते. मोड बाहेर दिसण्यापूर्वीच हे काम सुरू झालेले असते.

अशा गव्हाचे पीठ भट्टीत गेले की घोटाळा होतो. 60 अंशांच्या पुढे पिष्ट फुगून विकरांना सर्वस्वी मोकळे होते. बीटा लौकरच निकामी होते, पण गव्हाचे आल्फा 75 ते 80 अंशांपर्यंत तग धरिते. त्या थोड्या मिनिटांत ते फुगलेले पिष्ट तोडीत सुटते, त्यात धरलेले पाणी मोकळे होते आणि पावाचा गर डिंकासारखा होतो. साखर वाढल्याने साल काळवंडते.

मालकाकडे चौकशी केली तेव्हा कळले, की त्या साली स्वस्त मिळाला म्हणून त्याने पावसात सापडलेल्या गव्हाचे पीठ नेहमीच्या पिठात मिसळले होते. मी दोन्ही पिठे शाळेत आणविली. प्रत्येकी 7 ग्रॅम पीठ 25 मिलिलिटर पाण्यात कालवून दोन मोठ्या परीक्षानळ्या उकळत्या पाण्यात धरल्या आणि ढवळत राहिलो. नेहमीच्या पिठाची खळ इतकी घट्ट झाली की काचकांडी तीत उभी राहिली. दुसरी ताकासारखी पातळच राहिली. मालक बराच वेळ त्या नळीकडे पाहत उभा होता.

ही युक्ती माझी नव्हे. 1960 च्या सुमारास स्वीडनमध्ये हागबेर्ग आणि पेर्टेन यांनी हीच कल्पना मोजमापात बसविली. अशा खळीतून एक दांडा खाली जावयास किती सेकंद लागतात ते मोजतात. ढवळण्याची 60 सेकंदे त्यात धरलेली असतात. सुमारे 250 हा आकडा पावाला चांगला. 150 च्या खाली गेला तर गव्हाला मोड आल्याचे समजावे. 400 च्या वर गेला तर आल्फा अगदीच कमी. अशा पिठात गिरणीवाले मोडाच्या धान्याचे पीठ चिमूटभर घालितात किंवा बुरशीपासून काढलेले अमायलेज. जपानी शास्त्रज्ञ ताकामिने यांनी 1894 साली बुरशीपासून विकर काढण्याच्या कृतीचे अमेरिकेत पेटंट घेतले होते. बुरशीचे अमायलेज भट्टीत लौकर निकामी होते, त्यामुळे पाव चिकट होण्याची भीती कमी.

ह्यावरून मोड आलेले धान्य वाईट, असे मात्र कोणी समजू नये. मोडाच्या नाचणीचे सत्त्व घातले की लहान मुलाची पेज पातळ होते आणि तेवढ्याच वाटीत जास्त धान्य पोटात जाते. इराणात नवरोजला समनू करितात. मोड आलेल्या गव्हाचा रस पिठाबरोबर तासन्‌तास शिजविला की साखरेवाचून गोड होतो. तेथे जो गुण, तोच पावात दोष.

तेव्हा वर्षाचा गहू भरताना दाण्याचे अंकुराकडील टोक नीट पाहावे. तेथील साल उकललेली वा दाणा फिका, फुगीर दिसला तर तो पावासाठी घेऊ नये. चांगल्या गव्हात थोडासा मिसळला तरी तो सगळ्यांस बाधतो. बुरशीचा वास आला तर तो मुळीच खाऊ नये.

मालकाने त्या पोराला परत बोलावणे धाडले. पण तोवर तो दुसऱ्या गावी कामाला लागला होता. मालकाचा पश्चात्ताप त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हापासून वर्गात हा धडा शिकविताना मी मुलांना आधी त्या दोन नळ्या दाखवितो आणि मग विचारतो, "आता सांगा, चूक कोणाची?"