मोरीच्या पाण्याचा पाठ

जलचक्राचा पाठ आपण सारेच शिकवितो. समुद्र, वाफ, ढग, पाऊस व नदी असे ते चक्र फळ्यावर सहज पुरे होते. परंतु घरातील मोरीतून बाहेर पडलेले पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न त्या चित्रात सहसा येत नाही. त्या राहिलेल्या भागाचा येथे विचार करावयाचा आहे.

आरंभ हिशेबाने करावा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यांसाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाणी आंघोळ, धुणे व भांडी यांतून सांडपाणी होऊन बाहेर पडते. हजार वस्तीच्या गावात ते रोज किती होईल, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. चाळीस हजार लिटरच्या आसपासचे उत्तर पाहून मुले चकित होतात. हंड्याने पाणी आणावे लागे तेव्हा एवढे पाणी सांडतच नव्हते! असे घाण पाणी साचले की त्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात, आणि हत्तीरोगाचा प्रसार याच डासांमुळे होतो.

आता मुख्य मुद्दा. पाणी दिसेनासे झाले म्हणजे शुद्ध झाले, असे नव्हे. त्यातील घाण खाऊन टाकण्याचे काम सूक्ष्म जीवाणू करतात व त्यांस हवा आणि वेळ लागतो. १९१४ साली इंग्लंडातील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडली, तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात मिसळला, आणि शुद्धीकरणास लागणारा वेळ उत्तरोत्तर कमी होत गेला. तो गाळ म्हणजे जीवाणूंची वसाहतच होती. शहरांतील मोठी शुद्धीकरण केंद्रे बव्हंशी याच तत्त्वावर चालतात. त्यांच्या हवेच्या यंत्रांस लागणारी वीज लहान गावास परवडणारी नाही; तत्त्व मात्र गावासही तेच लागू आहे.

हे वर्गात दाखविता येते. भांडी धुतलेले पाणी एका बाटलीत तोंडापर्यंत भरून बूच लावावे. तेच पाणी एका परातीत उथळ ओतून वर पातळ फडके बांधावे व दिवसातून दोन-तीनदा काडीने ढवळावे. तीन-चार दिवसांनी बाटली शिक्षकांनी स्वतः अंगणात उघडावी. कुजका वास कोणत्या पाण्यास अधिक येतो, ते मुले आपण होऊन सांगतील.

यानंतर शोषखड्डा दाखवावा. त्यातील दगड-विटांच्या तुकड्यांवर जीवाणूंचा बुळबुळीत थर जमतो व सभोवतालच्या मातीत पुढील शुद्धी होते. पाणी खड्ड्यात जाण्यापूर्वी लहान टाकीत तेलकटपणा, राख आणि शिते अडली पाहिजेत; एरवी खड्डा लवकरच तुंबतो. काळ्या भारी मातीच्या एका शाळेत मोठ्या हौसेने खणलेला खड्डा पहिल्या पावसातच डबके झालेला मी पाहिला आहे. ही माती ओली झाली की फुगते व पाणी पुढे जाऊ देत नाही. यास्तव आधी फूटभर खोल खळगा करून, तो पाण्याने दोन-तीनदा भरून, पाणी किती वेळात उतरते हे घड्याळ लावून मुलांस मोजू द्यावे. उलटपक्षी, भेगाळ कातळातून पाणी पाहता पाहता नाहीसे होते. ते मात्र शुद्ध होण्याआधीच विहिरीस मिळण्याचे भय असते. म्हणून खड्डा विहिरीपासून वा हातपंपापासून निदान १० मीटर दूर असावा, व त्याचा तळ पावसाळ्यातील भूजलाच्या पातळीहून सुमारे २ मीटर वर राहावा. शौचालयाचे पाणी यात कदापि सोडू नये.

माती पाणी पीतच नसेल, तेथे खडीच्या वाफ्यात कर्दळ वा पाणकणीस लावून पाणी खडीच्या आतून संथपणे वाहू द्यावे. पाणी पृष्ठभागावर येत नसल्यामुळे डासांस वाव राहत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धती याच प्रकारची आहे. वाफ्यातून आलेले पाणी झाडांस द्यावे; कच्च्या खाण्याच्या भाज्यांस देऊ नये.

शाळेच्या खड्ड्याजवळील टाकीतला गाळ दर शनिवारी शाळेच्या व्यवस्थेने काढून घ्यावा. हे काम विद्यार्थ्यांवर सोपवू नये. वर्गाच्या वहीत तारखेसह नोंद मात्र मुलांनी करावी. प्रयोगाचे उरलेले पाणी त्याच खड्ड्यात ओतून सर्वांनी साबणाने हात धुवावेत.