नोंदवहीत न सापडणारा रक्तक्षय

रक्तातील हिमोग्लोबिन ठराविक प्रमाणाखाली गेले की रक्तक्षय झाला असे वैद्यकशास्त्र मानते. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी ही मर्यादा दर 100 मिलिलिटर रक्तामागे 12 ग्रॅम आहे. खेड्यातील रुग्णांत हा विकार किती आढळतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर लिहीत असे. 'रक्त कमी आहे' अशी तक्रार घेऊन कोणीच येत नाही. बायका सांगतात : कंबर दुखते, चक्कर येते, धाप लागते, हातपाय गळून जातात. केसपेपरवर शब्द पडतो 'अशक्तपणा'. गर्भवतीचे रक्त नेमाने तपासले जाते. इतरांचे मात्र डॉक्टरांना शंका आली तरच. त्यामुळे नोंदवहीतील आकडा खरी व्याप्ती दाखवीत नाही.

घरोघरी जाऊन रक्त तपासणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे चित्र निराळे आहे. 2015-16 साली देशातील 15 ते 49 वयाच्या शेकडा 53 स्त्रिया रक्तक्षयी होत्या. 2019-21 मध्ये हे प्रमाण 57 झाले. त्या वेळी महाराष्ट्रात ते 54 होते. पुरुषांत मात्र देशभरात शेकडा 25. म्हणजे केंद्राच्या बाकावर बसलेल्या दोन बायकांपैकी एक, कोणत्याही कारणाने आलेली असो, बहुधा रक्तक्षयी असणार.

कारणे अनेक आहेत. धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा त्यात आणखी अडथळा आणतो. मासिक पाळी, लागोपाठची बाळंतपणे, अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी यांनी रक्त जाते. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेलची भर पडते. आणि सर्वांचे झाल्यावर, उरलेल्यावर जेवण्याची रीत आहेच.

शासनाने 1970 पासून लोहाच्या गोळ्या दिल्या. 2018 मध्ये 'अॅनिमियामुक्त भारत' मोहीम सुरू केली. परंतु गोळीने मळमळते, शौचास काळे होते, म्हणून अनेकजणी ती मध्येच सोडतात. हे त्रास धोक्याचे नाहीत, एवढे कोणी समजावून सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. थकवा हा बाईच्या जन्माचाच भाग, ही समजूत समाजाची आहे. आणि समाजाचा अभ्यास हा तर आपला विषय. आपल्या विद्यार्थिनींनी प्रथम स्वतःचे रक्त तपासून घ्यावे, आणि विद्यार्थ्यांनी आपल्या घरी शेवटी कोण जेवते, हे एकदा पाहावे.