मागचे धागे मोकळे सोड

तू मोबाइलवर दाखवलेला स्वेटर मी चष्मा लावून नीट पाहिला. छातीवरून आडवे पट्टे, पट्ट्यांत चांदण्या, दोन चांदण्यांच्या मध्ये फुल्या. सुंदर आहे. पण तो फोटो पुढून काढलेला आहे आणि असा स्वेटर शिकायचा मागून. पुढे पांढरा टाका दिसत असतो तेव्हा निळा धागा मागून आडवा चाललेला असतो. तो किती सैल सोडला यावर स्वेटर अंगाला होणार की नाही ते ठरतं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बासष्ट साली चीनच्या युद्धात आईनं आणि आळीतल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, ते बघत मी सुया धरायला शिकले. पण ते सगळे एका रंगाचे. लग्न होऊन लवळ्याला आले आणि दुसऱ्या वर्षी पुतण्यासाठी दोन रंगांचा घेतला. पोर चार वर्षांचं, छाती २३ इंच. अंगात गंजिफ्रॉक, सदरा असणार म्हणून २६ इंचांचा करायचं ठरवलं. साध्या विणीचा तुकडा करून मोजला, चार इंचांत २८ टाके बसले. म्हणजे इंचाला सात, सव्वीस साते एकशे ब्याऐंशी. नक्षी बारा टाक्यांची होती म्हणून १८० घेतले. हिशेब बरोबर होता. पण दोन रंगांत विणायला लागल्यावर मी मागचे धागे ओढत गेले आणि चार इंचांत ३२ टाके बसायला लागले. आता तूच १८० ला आठांनी भाग. साडेबावीस. पोराच्या छातीपेक्षाही अर्धा इंच कमी! पाठ-पुढा जोडेपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नाही. सगळा उसवला. लोकर गुंडाळताना रडू आलं होतं, ते अजून आठवतं.

म्हणून नमुन्याचा तुकडा दोन रंगांतच कर, आणि ज्या नक्षीचा स्वेटर करणार त्याच नक्षीचा. चाळीस-पन्नास टाके तरी घे, वीतभर उंच होऊ दे. मग तो धू, वाळव, आणि कडा सोडून मधले चार इंच मोज. न धुतलेल्या तुकड्याचं माप धरू नकोस. या तुकड्याला दोन संध्याकाळी जातील, जाऊ देत.

पहिला स्वेटर स्वतःसाठी नको. दादाच्या मुलीसाठी कर. काम लहान असलं की चूकही लवकर कळते आणि लवकर उसवते. शिवाय या विणीत मागे दुसरा पदर असतो, त्यामुळे स्वेटर जाड होतो. आपल्याकडे मुळेच्या काठी पौषात पहाटे धुकं बसतं, वर टेकडीवरच्या कॉलेजांत जाणारी पोरं गाडीवर कुडकुडतात, पण दहा वाजता ऊन चढलं की अंगावरचं काढावंसं वाटतं. तेव्हा बिनबाह्यांचाच कर. बाह्या पुढच्या वर्षी.

या कामाचं नाव ज्या बेटावरून पडलं ते फेअर आइल स्कॉटलंडच्या उत्तरेला आहे, अगदी चिमुकलं. तिथल्या बायका मासेमारीवर जाणाऱ्या माणसांसाठी हे विणायच्या. १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजानं असा स्वेटर गोल्फ खेळताना घातला आणि जगभर त्याची हौस पसरली. हाच युवराज त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९२१ मध्ये, पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवायला आला होता. मला ते वाचून फार नवल वाटलं. तर त्या बेटावरच्या बायकांचा नियम असा, की स्वेटरमध्ये रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. तू तो पाळ. तिसऱ्या रंगाचा मोह झाला तर पुढच्या ओळीत घे.

लोकर घ्यायला तुळशीबागेत जाशील तेव्हा दुकानदार आधी कॅशमिलॉन पुढे टाकेल. स्वस्त असते, रंग झगझगीत असतात, मशीनमध्ये धुता येते. पण ती गुळगुळीत असते, धागे एकमेकांना धरत नाहीत, आणि पहिल्या कामात धाग्यांनी एकमेकांना धरायला हवं. खरी लोकर घे, नाहीतर निदान लोकर जास्त असलेली मिश्र घे. अंगाला लागणारी आहे, गळ्याला घासून बघ. आपल्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर घोंगडीला उत्तम, पण राठ असते, पोरीच्या मानेला टोचेल. चार पदरी लोकर साधारण अडीचशे ग्रॅम लागेल. सगळी एकदम घे आणि लेबलवरचा लॉटचा नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघ. दुसऱ्या लॉटचा तोच निळा घरी आणल्यावर वेगळा दिसतो.

रंग निवडताना दोन्ही गुंड्या शेजारी ठेव आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढ. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर ती जोडी सोड. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटोत, विणल्यावर एकमेकांत बुडतात. एक रंग गडद, एक फिका, एवढं पुरे. लाल किंवा मरून घेतलास तर धागा ओला करून पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेव. फडकं रंगलं तर ती लोकर पांढऱ्याबरोबर वापरू नकोस.

सुयांचे आपल्याकडचे नंबर उलटे चालतात हे लक्षात ठेव, नंबर मोठा तितकी सुई बारीक. खालची दोन सुलट दोन उलटची पट्टी १२ नंबरवर, वरचं अंग १० नंबरवर. नक्षीत हात आवळतोय असं वाटलं तर नक्षीपुरती ९ नंबरची घे. आम्ही सगळं दोन सरळ सुयांवर केलं. त्यात एक ओळ उलट येते, म्हणजे नक्षी मागून विणायची आणि पुढे काय उमटतंय ते अंदाजानं धरायचं. तू वायरची गोल सुई घे. गोल विणलं की सगळ्या ओळी सुलट आणि नक्षी सतत डोळ्यांसमोर. फक्त पहिली फेरी जोडताना टाके सुईभोवती पिळलेले नाहीत ना ते दोनदा बघ. पिळलेली फेरी पुढे कशानंच सरळ होत नाही. फेरीची सुरुवात काखेखाली ठेव, तिथे नक्षी एका ओळीनं वर सरकलेली दिसते, ती हाताखाली झाकते.

नक्षी शाळेच्या आलेखाच्या वहीवर उतरवून घे. दसुतीवर भरतकाम केलंयस, तसंच मोजायचं. पण दसुतीचं घर चौकोनी असतं, विणलेला टाका उंचीला कमी नि रुंदीला जास्त. म्हणून वहीवर गोल दिसणारं फूल स्वेटरवर दबलेलं येतं. नमुन्याच्या तुकड्यावर ते कळेल, तेव्हा एखादी ओळ वाढव.

आता मागचे धागे. रंग बदलायच्या आधी दर वेळी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरव, अगदी मोकळे, सपाट. मग नवा रंग घे. टाके सुईवर चिकटलेले असताना रंग बदललास तर मागचा धागा तेवढाच आखूड राहतो आणि मग स्वेटर आवळतो. धागा ताणूही नये, लोंबूही नये. लोंबला तर पोरीचं बोट घालताना त्यात अडकेल. एकाच रंगाचे पाच टाके झाले की त्याहून पुढे दुसरा धागा मोकळा सोडू नकोस, मध्येच त्याला चालू धाग्याभोवती एक आढी दे. आणि ही आढी दर ओळीत एकावर एक देऊ नकोस, पुढून रेघ दिसते. पहिल्यांदा तीन-चार टाक्यांची नक्षीच निवड, म्हणजे आढीची भानगडच नको. तुझ्या फोटोतल्या चांदण्या मोठ्या आहेत, त्या दुसऱ्या स्वेटरला.

दर चार ओळींनी काम उलटून बघ. मागचे धागे आडवे, एकसारखे, निजलेले दिसले पाहिजेत. मग दोन्ही हातांनी हलकं ताण. पुढची बाजू सरळ पसरली की ठीक, चुण्या राहिल्या तर त्याच ओळी उसव. चार ओळी उसवायला पंधरा मिनिटं लागतात. मी चारच महिने वाट पाहिली होती.

दोन धागे धरायचे कसे ते तुझं तू ठरव, पण एकदा ठरवलंस की बदलू नकोस. आपण उजव्या हातानं धागा टाकतो, म्हणून उजव्यात जमिनीचा रंग ठेव आणि नक्षीचा डाव्या तर्जनीवर घेऊन सुईनं उचल. मागून जो धागा खालच्या अंगानं जातो त्याचा टाका किंचित मोठा येतो आणि तोच रंग पुढे उठून दिसतो. नक्षीचा धागा कायम खालून गेला पाहिजे. मध्येच हात बदललास तर खालच्या पट्ट्यातल्या फुल्या ठळक आणि वरच्या फिक्या, आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. गुंड्या दोन वेगळ्या डब्यांत ठेव, एक उजवीकडे, एक डावीकडे. एप्रिलमध्ये विणायला बसलीस तर हात घामेजतात, धागा सरकत नाही, तेव्हा बोटांना चिमूटभर पावडर लाव. मी तर म्हणेन नवरात्रात टाके घाल, मार्गशीर्षात पोरगी घालेल.

एखादा टाका चुकीच्या रंगाचा आला आणि तो दहा ओळींनंतर दिसला तर उसवू नकोस. शेवटी बोथट सुईनं बरोबर रंगाचा धागा त्याच टाक्याच्या वाटेनं फिरव, चुकीचा टाका खाली झाकला जातो. मात्र मोजणी चुकली असेल, नक्षी एका टाक्यानं सरकली असेल, तर उसवायलाच हवं. धाग्यांना गाठी मारू नकोस, टोकं मागच्या बाजूनं दोन-तीन इंच ओवून टाक. आणि गळ्याचे टाके मोठ्या सुईवर सैल बंद कर. चार वर्षांच्या मुलीचं डोकं जवळजवळ वीस इंच असतं, त्याला गळा ताणला गेला पाहिजे. शंका असेल तर एका खांद्यावर दोन बटणं लाव.

झालं की कोमट पाण्यात बुडव, चोळू नकोस, पिळू नकोस. टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढ आणि गच्चीवर सावलीत आडवा पसर. दोरीवर टांगलास तर ओल्या वजनानं लांबेल. इस्त्री नको. या पहिल्या धुण्यात मागचे धागे आपापल्या जागी बसतात आणि पुढची नक्षी एकदम सपाट होते. विणताना जरा खडबडीत दिसलं तर धीर सोडू नकोस, धुतल्यावर बघ.

मुळशीचा पाऊस तुला माहीत आहे, चार महिने कपाट ओलं. स्वेटर घामेजलेला ठेवलास की कसर लागणार. थंडी सरल्यावर धुऊन, कडक वाळवून, सुती कापडात बांधून ठेव, बरोबर वाळलेली कडुनिंबाची पानं घाल. दोन्ही रंगांची थोडी लोकर लेबलासकट त्याच गाठोड्यात ठेव. पोरगी वाढली की खालून पट्टी लांबवता येईल.

रविवारी लोकर घेऊन ये. नमुन्याचा तुकडा माझ्यासमोर कर, मला त्याची मागची बाजू बघायची आहे.