विणाईचा भाव ठरवूया : धर्मादाय मेळ्यात स्टॉल लावण्याआधी

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या हातात विणकाम आहे. सुलट-उलट टाके, साखळी आणि खांब आपण आई-आत्याकडे बघून शिकलो. नात्यात बाळ जन्मलं की टोपरं, अंगडं, मोजे विणून द्यायचे, एवढाच त्याचा उपयोग होत आला. आता शहरातल्या मेळ्यांमुळे या कामाला गिऱ्हाईक मिळू लागलंय. ही संधी घ्यायची, पण हिशेब शिकूनच जायचं. या पाठात तोच हिशेब मांडला आहे.

मुंबईतल्या लोअर परळचं उदाहरण घेऊ. कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या घरांना हे नाव नवं नाही. आपले आजोबा, काका तिथल्या कापड गिरण्यांत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आहेत. अशा ऑफिसांच्या आवारात दिवाळीआधी सामाजिक संस्थांचे आणि बचत गटांचे स्टॉल लागतात. दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर या काळात देशभर 'दान उत्सव' होतो. २००९ पासून तो सुरू आहे. त्या आठवड्यातही असे मेळे भरतात.

'धर्मादाय' म्हणजे नेमकं काय, ते आधी विचारा

बोलावणं आलं की पहिला प्रश्न हाच. कारण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात.

१. विक्रीचे सगळे पैसे आपल्या गटाला मिळतात. जागा फुकट असते. हीच आयोजकांची मदत.

२. विक्रीतला काही हिस्सा, समजा शंभरातले २० रुपये, एखाद्या शाळेला किंवा दवाखान्याला जातो. उरलेले आपले.

३. आपण वस्तू दान द्यायच्या. विक्रीचे सगळे पैसे दुसऱ्या कामाला जातात.

तिन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण तिसरी गोष्ट पहिलीच्या नावाखाली होऊ नये. दान द्यायचं तर गटाच्या बैठकीत ठराव करून द्या, किती नग ते इतिवृत्तात लिहा. 'चांगल्या कामासाठी आहे ना, मग विणाई कशाला धरायची?' असं कुणी म्हणालं, तर सांगा की मंडप घालणाऱ्याला आणि चहावाल्याला त्यांचे पैसे मिळतात, तशी विणणारीलाही विणाई मिळाली पाहिजे.

गिरगावातल्या सात जणींचा धडा

१५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. तीच पुढे लिज्जत पापडची संस्था झाली. त्यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवल्या. एक, तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. दुसरी, माल एकाच प्रतीचा. स्वस्तातला हलका पापड वेगळा काढायचा विचार पुढे आला होता, तेव्हा त्यांचे सल्लागार छगनलाल पारेख यांनी दर्जात तडजोड करू नका, हिशेब नीट ठेवा, असंच सांगितलं. शिवाय लाटणाऱ्या प्रत्येक बहिणीला लाटण्याची मजुरी मिळत आली.

गिरणगावात तर याच्या जोडीला दुसरं उदाहरण आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका दिवसभर राबायच्या, पण त्यांचं काम 'घरचंच' समजलं जायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. काम तेच होतं, पण त्याला धंदा म्हणून मान मिळाला.

आपल्या विणकामालाही हेच लागू करायचं : देणगीची भाषा नको, माल एकसारखा हवा आणि विणाई हिशेबात हवी.

काय विणायचं?

मुंबईत थंडी नावापुरती. ऑक्टोबरात तर घामाच्या धारा. मोठ्यांचे जाड स्वेटर नेले तर तसेच परत येतील. गिऱ्हाईक लोकलने घरी जाणार, म्हणून वस्तू पर्समध्ये मावणारी, हलकी हवी. हे चालेल :

– बाळाचे मोजे, टोपरं, किंवा दोन्हींचा बाळंतविडा. भेट द्यायला लोक शोधतच असतात.
– सुती दोऱ्याची हलकी शाल. ऑफिसात एसीचा गारठा असतो, बायका खांद्यावर घेतात.
– क्रोशाची लहान तोरणं, किल्लीला लावायची फुलं, पुस्तकातली खूण.
– गरम भांडं धरायचे चौकोन. हे मात्र सुती दोऱ्याचेच विणा. अॅक्रिलिक उष्णतेने वितळतं, हात भाजेल.

बाजारात आपण सगळ्यालाच 'लोकर' म्हणतो, पण स्वस्त गुंडे बहुतेक अॅक्रिलिकचे असतात. खात्री करायची तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. जे असेल तेच चिठ्ठीवर लिहा.

दहा हात, एकच माप

पाच जणी विणतात तेव्हा प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणाची वीण घट्ट, कुणाची सैल. मग एकाच मापाचे मोजे लहान-मोठे होतात. उपाय सोपा आहे. काम सुरू करण्याआधी प्रत्येकीने त्याच दोऱ्याचा, त्याच सुयांवर एक लहान चौकोन विणायचा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. चौकोन १० सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठाच ठेवा, म्हणजे मोजायला सोपं. जिचे टाके जास्त भरतात तिने जाड सुई घ्यावी, कमी भरतात तिने बारीक. आपल्याकडच्या जुन्या नंबरात सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात असू द्या. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर.

बाळाच्या वस्तूंसाठी आणखी चार नियम पाळा. लांब नाडी किंवा रिबीन नको. बटण ओढून बघा, सुटता कामा नये. मोज्याच्या आत दोऱ्याची मोकळी टोकं किंवा लोंबते दोरे ठेवू नका, बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात. आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांजवळ माल ठेवू नका, तो वास जात नाही.

भाव असा काढा

आपल्याकडे विणणारी म्हणते, 'लोकर तीस रुपयांची लागली, पन्नासला देऊ.' मग तीन तासांचे झाले वीस रुपये! असं नको. आपल्या भागात दिवसाची मजुरी किती ते धरा आणि ८ तासांनी भागा. समजा ४०० रुपये मजुरी, तर तासाला ५० रुपये.

समजा, मोज्यांच्या एका जोडीला शिवण्यासकट ३ तास लागतात. ५० ग्रॅमचा गुंडा ६० रुपयांना मिळतो आणि जोडीला २५ ग्रॅम लागतो.

लोकर : ३० रुपये
बटण, चिठ्ठी, पिशवी : १२ रुपये
विणाई, ३ तास : १५० रुपये
प्रवासाचा वाटा : १५ रुपये
एकूण : २०७ रुपये

प्रवासाचा वाटा असा आला : दोघींचं जाणं-येणं, सामान आणि जेवण मिळून १८०० रुपये धरले. ९० मोठ्या वस्तूंवर प्रत्येकी १५ आणि ९० लहान वस्तूंवर प्रत्येकी ५. मिळून १८०० होतात.

आता २०७ वर शेकडा १० गटाच्या निधीसाठी आणि मळलेल्या, उरलेल्या मालासाठी धरा. झाले २२८. सोयीसाठी २३० म्हणू. एवढे पैसे आपल्या हातात यायलाच हवेत.

मेळ्यात शेकडा २० हिस्सा द्यायचा असेल तर इथे बहुतेक जणी चुकतात. २३० वर २० टक्के चढवून २७६ भाव लावतात. पण हिस्सा जातो २७६ चा, म्हणजे ५५ रुपये २० पैसे. हातात राहतात २२० रुपये ८० पैसे. नऊ रुपये २० पैसे कमी! बरोबर रीत अशी : २३० ला १०० ने गुणा आणि ८० ने भागा. येतात २८७ रुपये ५० पैसे. भाव लावा २९०. हिस्सा ५८ गेला तरी २३२ उरतात.

२९० ला मोजे कुणी घेईना, असं वाटलं तर? विणाई कमी करू नका, वस्तू बदला. किल्लीचं फूल अर्ध्या तासात होतं : सामान ८, पिशवी ३, विणाई २५, प्रवास ५, मिळून ४१. शेकडा १० धरून ४५. वरच्याच रीतीने ५६ रुपये २५ पैसे येतात. ६० भाव ठेवा. तासाची मजुरी तीच राहते आणि गिऱ्हाईकालाही परवडतं.

उरलेला माल कुणाचा?

हा प्रश्न आधी सोडवला नाही तर गटात मनं दुखावतात. जिने तीन महिने रात्री जागून विणलं, तिच्याच हातात न विकलेलं गाठोडं परत देऊन 'तुझं नाही खपलं गं' म्हणणं बरोबर नाही. तिच्या बालवाडीतल्या मुलाची वही-पाटी त्या पैशांवर ठरलेली असू शकते. म्हणून ठराव करा : नमुना पास झाला आणि गटाने काम सांगितलं, की तो माल गटाचा. माल जमा करतानाच विणाई द्या. तेवढा पैसा नसेल तर अर्धी तेव्हा आणि अर्धी मेळ्यानंतर द्या, पण खपो न खपो, द्याच. म्हणजे किती विणायचं हेही गट जपूनच ठरवेल. पहिल्या वेळी प्रत्येक प्रकाराचे थोडेच नग न्या.

वेळेचंही गणित आहे. ऑक्टोबरच्या मेळ्यासाठी जुलैत काम सुरू करायचं म्हटलं तर हात लावणीत अडकलेले असतात. नमुने मे महिन्यात करून ठेवा, मुख्य काम लावणी आटोपल्यावर. पावसात माल दमट होतो, म्हणून वाळवूनच पिशवीत भरा.

स्टॉलवर

खरी गर्दी जेवणाच्या सुट्टीत, तासा-दोन तासांचीच. प्रत्येक वस्तूवर भाव लिहिलेला हवा. पैसे घ्यायचा क्यूआर कोड गटाच्या खात्याचा असावा, कुणा एकीच्या नावाचा नको. सुटे पैसे आणि पावतीपुस्तक जवळ ठेवा.

'गरीब महिलांना मदत करा' अशी पाटी लावू नका. दया म्हणून घेतलेली वस्तू लोक एकदाच घेतात. त्याऐवजी लिहा : गटाचं नाव, गाव, कुठला दोरा, विणायला लागलेला वेळ आणि कसं धुवायचं. 'दोन घेते ताई, किती लावाल?' असं विचारणारच. दोन जोड्यांना किती सोडायचे ते घरूनच ठरवून जा आणि हसून तेवढंच सांगा. कुणी जास्त नग मागितले तर नंबर, माप, तारीख लिहून घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या.

पुढच्या बैठकीत करा

१. प्रत्येकीने एक वस्तू घड्याळ लावून विणावी आणि लागलेला वेळ वहीत लिहावा.
२. सर्वांचे नमुना-चौकोन एकत्र ठेवून टाके मोजावेत.
३. एका वस्तूचा भाव फळ्यावर मांडावा. हिशेब सगळ्यात नवीन सदस्य बाईने करावा, बाकीच्यांनी तपासावा.
४. विणाई कधी द्यायची आणि उरलेला माल कुणाचा, याचा ठराव लिहून सर्वांनी सही करावी.

चौथं काम झाल्याशिवाय लोकरीचा एकही गुंडा विकत आणू नका.